पुस्तकात असं नाही

आमच्या मोठ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही. त्यांनी सिनेमे तपासले. हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. राहायला डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर आणि नोकरीला तिथल्याच एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे त्यांचं काम काय, तर मूळ नमुन्याची पट्टी एका हातात आणि नव्या मालाची पट्टी दुसऱ्या हातात धरून खिडकीपाशी उजेडात उभं राहायचं आणि दोन्ही रंग जुळतात की नाही ते सांगायचं. नाही जुळले तर माल परत. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, तर स्टेजवरच त्यांनी ते खोक्यावरच्या चित्राशी ताडून पाहिलं आणि सेकंदकाटा लाल नसून काळा असल्याचं साहेबांच्या निदर्शनास आणून दिलं. अशा माणसाशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे. साडू हे नातंच असं, की त्यात आपल्याला कुणी काही विचारत नाही. सासऱ्यांनी त्यांच्या सोयीने जावई निवडलेले असतात आणि आपण एकमेकांच्या वाट्याला येतो. मी या गृहस्थांपुढे केव्हाच हात टेकले होते. पण हात टेकले म्हणून सुटका होत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

जगातल्या प्रत्येक गोष्टीचा कुठेतरी एक मूळ नमुना आहे आणि आपल्या वाट्याला आलेला माल त्याच्याशी जुळत नाही, याबद्दल त्यांची बालंबाल खात्री. लग्नाला आले की खिशातून पत्रिका काढायचे. "पत्रिकेत मुहूर्त अकरा सत्तावीसचा आहे. आत्ता अकरा चौतीस झालेत," हे ते नवऱ्यामुलाच्या बापाला अडवून सांगायचे, आणि तो बिचारा अक्षता हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहायचा. हॉटेलात मेन्यूकार्डावरच्या फोटोत पनीरचे सहा तुकडे असतील आणि ताटलीत पाच आले, तर भूक लागलेली असली तरी पहिला घास घ्यायचे नाहीत. आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला हे आले ते बिल्डरचं ब्रोशर घेऊनच. होम चालू असताना बाल्कनीत गेले, ब्रोशर समोर धरलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, यात इथे गुलमोहर आहे. आणि खाली एक बाई पांढऱ्या कुत्र्याला फिरवतेय." मी म्हटलं, "दादा, ते नुसतं चित्र असतं." तर म्हणाले, "मग नमुना कशाला म्हणून दाखवतात?" गुरुजी तूप घालायचे थांबले. मला त्या दिवशी संताप आला. आणि जास्त संताप याचा येतो, की आज इतकी वर्षं झाली तरी बाल्कनीत चहा घेऊन उभा राहिलो की मला समोर तो न लावलेला गुलमोहर दिसतो. त्याआधी माझी बाल्कनी चांगली होती.

पण ही सगळी किरकोळ कामं. खरी तपासणी चालायची ती पुस्तकावरून काढलेल्या सिनेमाची, आणि त्यातही रहस्यकथेची. त्यांचं म्हणणं असं, की प्रेमकथेत नायिकेची साडी बदलली तर कुणाचं काही बिघडत नाही, पण रहस्यकथेत एक खिडकी उघडी की बंद यावर माणूस फासावर जातो. त्यामुळे ते थिएटरात जाताना मूळ पुस्तक, एक छोटा टॉर्च आणि एक वही घेऊन जायचे. वहीत दोन रकाने आखलेले असायचे. एकावर लिहिलेलं 'नमुना' आणि दुसऱ्यावर 'माल'. सिनेमा सुरू झाला की टॉर्च पेटायचा, पानं उलटायची आणि दर चार-पाच मिनिटांनी त्यांचं ते वाक्य यायचं, "पुस्तकात असं नाही." हे ते कुजबुजत म्हणायचे, म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल इतपत. एकदा मागच्या रांगेतली कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, प्लीज ना यार, सगळं स्पॉइल होतंय." हे मागे वळले आणि शांतपणे म्हणाले, "मी नाही बिघडवलेलं. त्यांनी बिघडवलंय. पान एकशे बारा." मी खुर्चीत जमेल तितका खाली सरकलो. अशा वेळी ताई काय करायच्या, तर पर्समधून चकल्यांची पुडी काढून मागे द्यायच्या. "घ्या गं, चकली खा. यांचं दहा मिनिटांत होईल." यांचं कधीही दहा मिनिटांत झालं नाही, पण त्या चकल्यांमुळे आम्हाला थिएटरातून कुणी बाहेरही काढलं नाही.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. साडूंचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे एक जुनी मराठी रहस्यकादंबरी. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण त्यातला खुनी कोण हे मला पुढे सांगावं लागणार आहे आणि ज्यांनी ती वाचली नसेल त्यांचा तळतळाट मला नको. घाटावरचा एक बंगला, तिथे रावसाहेब नावाचे एक तिरसट निवृत्त अधिकारी, एके सकाळी ते वरच्या खोलीत मेलेले सापडतात आणि खोलीला आतून कडी. घरात पुतण्या, कारभारी, रोज येणारा डॉक्टर आणि रावसाहेबांची बायको, माई. ही माई पुस्तकभर जवळजवळ बोलतच नाही. रोज दुपारी साडेचारला न चुकता रावसाहेबांना चहा नेऊन देते, एवढंच तिचं काम. तपास करतो तो गावचा म्हातारा पोस्टमास्तर. साडूंचं लग्न नवीन होतं, ते रामनगरच्या चाळीत राहायचे आणि कोपऱ्यावरच्या लायब्ररीत दोघांत मिळून एक कार्ड होतं, म्हणजे घरात एका वेळी एकच पुस्तक. दुपारी ते ताई वाचायच्या आणि संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर हे. नियम असा, की पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचं नाही. तर हे असे चवीचवीने वाचत शेवटाला आले आणि बघतात तो पुस्तकाची शेवटची सोळा पानं गायब.

दुसरा कुणी असता तर चरफडून गप्प बसला असता. हे लायब्ररीत गेले आणि पंधरा मिनिटं भांडले. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, "रहस्यकथेची शेवटची पानं जातातच हो, त्याला मी काय करू?" शेवटी घरी येऊन त्यांनी ताईंना विचारलं, कारण ताईंचं पुस्तक आदल्या दिवशीच वाचून झालं होतं. 'शेवटची पानं सुटीच होती, वाऱ्याने गेली असतील,' असं त्या म्हणाल्या. ताईंनी गॅलरीत बसून, तांदूळ निवडता निवडता, त्यांना सगळा शेवट सांगितला. खून डॉक्टरने केला होता. जमिनीच्या जुन्या वैरातून, रोजच्या पुड्यांमध्ये थोडं थोडं विष घालून. रावसाहेबांनी आतून कडी लावली ती नेहमीप्रमाणे स्वतःच, आणि ते आत निजल्या निजल्या गेले. डॉक्टर पकडला जातो, घर रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला माई चहा करते, वर जाते आणि रावसाहेबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे कप ठेवते. तिथे कादंबरी संपते. साडूंनी पुढे लायब्ररीकडून ती प्रत मागून घेतली, कल्याणला एकाकडून बांधून आणली, शेवटी सोळा कोरी पानं घालून घेतली आणि ताईंनी सांगितलेला शेवट आपल्या मोत्यासारख्या अक्षरात त्यावर उतरवून काढला. खाली टीपही आहे. 'पाने गहाळ. मजकूर मूळ लेखकाचा, सौ.च्या तोंडून ऐकला तसा. शाई माझी.' वर्षं गेली तशी ती टीप त्यांच्या लेखी पुसट होत गेली आणि ती सोळा पानं छापल्यासारखीच झाली.

त्या कपावर ते जन्मभर बोलले. मराठी साहित्यात एवढा मोठा शेवट दुसरा नाही, असं त्यांचं ठाम मत. "एक शब्द नाही साडूभाऊ, नुसता कप!" असं म्हणताना त्यांचा आवाज जड व्हायचा. आणि मग ताईंकडे बघून म्हणायचे, "बायको असावी तर माईसारखी. न बोलता, वेळेवर." ताई तेव्हा नेमका चहाच घेऊन आलेल्या असायच्या. त्या कप ठेवायच्या आणि हसायच्या. ते हसू मी तीस वर्षं पाहिलं. मला वाटायचं, नवऱ्याने कौतुक केलं म्हणून हसतायत, आणि मीही घरी येऊन हिला सांगायचो, बघ, तुझी बहीण किती समाधानी आहे. ही विषय बदलायची. या बहिणी एकमेकींचं काय काय पोटात ठेवतात, याचा आपल्याला पत्ता नसतो.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. आजारपण महिनाभराचं. मुलगी बंगळूरहून आली, पंधरा दिवस राहिली, 'बाबा चला' म्हणाली, हे गेले नाहीत. मी भेटायला गेलो, तेव्हा दुपारचे साडेचार होत होते. साडूंनी स्वतः चहा केला, एक कप मला दिला, एक स्वतःला घेतला आणि तिसरा कप ताईंच्या खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पुस्तकातल्यासारखं." त्या घरात मग रोज हेच चालू झालं. चहा गार झाला की ते तो कुंडीत ओतायचे आणि कप विसळून ठेवायचे. मी त्यांच्या नादिष्टपणावर आयुष्यभर वैतागलो, पण त्या दिवशी मला वाटलं, चला, या माणसाला धरून बसायला निदान एक पुस्तक तरी आहे.

आणि गेल्या वर्षी त्या पुस्तकावर सिनेमा आला.

ठाण्याच्या मॉलमधलं थिएटर, सकाळचा खेळ. ताई गेल्यापासून त्यांनी टॉर्च हातात धरला नव्हता. त्या दिवशी नवे सेल घालून आले होते. सुरुवातीपासून वही भराभर भरत होती. पोस्टमास्तरच्या जागी चष्मा लावलेली तरुण पोलीस अधिकारी, बंगल्याला सीसीटीव्ही, पुतण्या अमेरिकेतून आलेला. "पुस्तकात असं नाही. पुस्तकात असं नाही." मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? माणूस पुन्हा माणसात आला होता. मग शेवट आला. ती अधिकारी माईसमोर बसते, चहाच्या कपाकडे बघते आणि म्हणते, हा चहा तुम्हीच रोज नेत होतात ना. साडू उभे राहिले. सबंध थिएटरात एकटे उभे. "खोटं आहे हे!" ते ओरडले. "सोन्यासारख्या बाईला खुनी केलंत तुम्ही! डॉक्टरने मारलंय त्याला!" मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, बैठो ना." मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. यावेळी कुणाला चकली द्यायला ताई नव्हत्या.

त्यांनी ते प्रकरण तिथे सोडलं नाही. ठाण्याला कोर्टात एखादा वकील ओळखीचा आहे का, असं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. मग डोंबिवलीतल्या एका वाचक मंडळाने 'पुस्तक आणि पडदा' म्हणून कार्यक्रम ठरवला. शाळेचा हॉल, रविवारची सकाळ, गावातले सगळे पट्टीचे वाचक येणार. साडूंनी स्वतः जाऊन तासाभराचं भाषण मागून घेतलं. मला फोन आला. "साडूभाऊ, मला छापील शेवट हवाय. माझ्या प्रतीत हस्ताक्षर आहे, लोक म्हणतील ह्याने मनचं लिहिलंय. छापील पान वर धरून दाखवतो, बघा कसे गप्प होतात. तुम्ही अख्खी प्रत शोधा." मी आयुष्यात त्यांचं एकही काम मनापासून केलं नव्हतं. हे केलं. आठ दिवस चौकशा केल्या, तेव्हा शहाडला नदीच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे जुन्या रहस्यकथांची दोन कपाटं होती. त्यांनी पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, "पहिलीच आवृत्ती आहे. जपून वापरा. काय शेवट आहे ना हो? त्या काळात बाईला खुनी दाखवायचं म्हणजे गंमत नव्हती."

मला वाटलं, सर वयोमानाने गोंधळले. रिक्षात बसून मी शेवटची पानं उघडली. कल्याण स्टेशन येईपर्यंत माझी वाचून झाली. सिनेमावाल्यांनी सीसीटीव्ही घातला होता, पुतण्याला अमेरिकेला पाठवला होता, पण खुनी बदलला नव्हता. खून माईनेच केला होता. तीस वर्षं न बोलता चहा दिला आणि मग एका दुपारी त्यात विष घालून दिलं. शेवटच्या पानावर पोलिसांची गाडी घाट उतरते. डॉक्टर बिचारा साधा माणूस होता. मला वाटतं, ते पुस्तक मी तिथून परत फिरून उल्हास नदीत टाकायला हवं होतं. त्यावेळी मला ते सुचलं नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही कणीक मळत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "माहितीये मला. पानं ताईनेच काढलेली. बंबात घातली."

मी म्हटलं, "अगं, पण का?"

"का म्हणजे? भावजी अर्धं पुस्तक वाचून रोज म्हणायचे, काय बाई आहे ही माई, काय बाई आहे! जन्मात कधी कुणाला चांगलं न म्हणणारा माणूस, पहिल्यांदा कुणाला तरी चांगलं म्हणत होता. ताई म्हणाली, मला नाही गं बघवलं. शेवट वाचला असता तर पुन्हा कुणाला म्हटलं नसतं त्यांनी." मग ही हसली. "आणि म्हणाली, रोज दोन वेळा चहा मलाच द्यायचाय. प्रत्येक कपाचा वास घेऊन बघत बसले असते."

"आणि तो रिकाम्या खुर्चीपुढचा कप?"

"तो तिचाच. तांदूळ निवडताना सुचला म्हणे."

हिने मला बजावलं, की एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं, रविवारी शंभर वाचकांपुढे हे उभे राहणार, त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक वाचलेलं असणार, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने स्वतःचं लाडकं पुस्तकच पुरतं वाचलेलं नाही हे तिथे उघडं पडणार. लोक हसतील. ही म्हणाली, "हसू देत. दोन दिवस हसतील. त्याने काय होतंय?" तिचं बरोबर होतं. हे मला आज कळतंय. पण त्या वेळी मला वाटलं, आपल्या माणसाचं हसं होऊ देऊ नये, आणि खरं ते खरं. तीस वर्षं त्यांच्या संगतीत राहून मलाही तीच खोड लागली होती बहुतेक.

गुरुवारी दुपारी मी डोंबिवलीला गेलो. साडेचार वाजत होते. तीन कप भरलेले होते. पुस्तक बघून साडूंचा चेहरा असा खुलला, की मी ताई गेल्यापासून तसा पाहिला नव्हता. त्यांनी कव्हरवरून हात फिरवला, वास घेतला, मग आपली प्रत आणली आणि एका हातात ती, दुसऱ्या हातात ही, असे खिडकीपाशी उजेडात जाऊन उभे राहिले. "पान एक. जुळतं," म्हणाले. "पान पन्नास. जुळतं." एकशे ब्याण्णव पानांपर्यंत अक्षर न् अक्षर जुळत होतं. मी म्हटलं, "दादा, जरा बसून घ्या." ते बसले आणि शेवटची सोळा पानं वाचू लागले. मला ती सोळा पानं संपूच नयेत असं वाटत होतं. त्यांच्या चहावर साय धरली.

वाचून झाल्यावर म्हणाले, "पुस्तकातसुद्धा बदललं यांनी."

मी म्हटलं, "दादा, पहिली आवृत्ती आहे ही. तुमचीही पहिलीच आहे."

त्यांनी दोन्ही पुस्तकांची सुरुवातीची पानं उघडून पाहिली. जुळत होती. मग ते पुन्हा शेवटाकडे गेले आणि एकेक पान बोटाने तपासू लागले, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मला वाटलं, डॉक्टर शोधतायत. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"साडूभाऊ, यात कप नाहीये हो."

मी मग ही जे बोलली ते सगळं सांगितलं. बंब, पानं, तांदूळ, सगळं. हसत हसत सांगायचा प्रयत्न केला, ताईंनी हिला सांगितलं होतं तसं. ते हसले नाहीत. ताईंच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तिने शेवट वाचला होता. तीस वर्षं नवऱ्याला चहा देणारी बाई शेवटी काय करते, ते तिला ठाऊक होतं. आणि मी रोज तिला म्हणत होतो, माईसारखी हो." मग त्यांनी मला विचारलं, "तिला माझा कंटाळा आला होता का हो?"

मी "नाही" म्हणालो. फार पटकन म्हणालो. खरं काय ते मला माहीत नव्हतं आणि ज्यांना माहीत होतं त्या नव्हत्या. त्या दिवशी तिसरा कप कुणी उचललाच नाही. मी निघालो तेव्हा तो तसाच स्टुलावर होता.

रविवारी मला वाटलं, हे येणारच नाहीत. पण आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत दोन्ही पुस्तकं आणि वही. हॉल भरलेला. संयोजकांनी ओळख करून दिली, की आता आपल्याला पुस्तक आणि पडदा यांच्यातले सगळे फरक तासभर ऐकायचे आहेत. साडू माईकपाशी गेले, वही उघडली, मिटली. म्हणाले, "नमुना आणि माल जुळतात. माझी तपासणी चुकली होती. धन्यवाद." आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं हा विनोद आहे. मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या, कुणीतरी 'वा!' म्हणालं. ज्या हसण्यापासून त्यांना वाचवायला मी शहाडपर्यंत गेलो होतो, ते हसू ते मांडीवर हात ठेवून ऐकत होते, आणि मी त्यांच्या शेजारी बसलो होतो.

तेव्हापासून ते बदलले. लग्नाला येतात, अक्षता टाकतात, घड्याळ बघत नाहीत. पनीरचे तुकडे मोजत नाहीत. मुलगी फोनवर म्हणते, बाबा हल्ली किती शांत झालेत. लोकांना त्यांचा हा नवा स्वभाव आवडतो. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नाही. हा माणूस गप्प बसावा म्हणून मी तीस वर्षं देवाला साकडं घातलं आणि देवाने ऐकलं ते असं, माझ्याच हातून.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम त्यांना पुन्हा ठाण्याला सिनेमाला नेलं. दुपारी बाराचा खेळ. तोही एका रहस्यकथेवरून काढलेला, आणि ते पुस्तक मी आधी स्वतः दोनदा वाचून गेलो होतो. पुस्तकात मागची खिडकी बंद असते. पडद्यावर ती सताड उघडी होती, पडदा फडफडत होता. मी वाट पाहिली. काही नाही. शेवटी न राहवून मीच त्यांच्या कानाशी गेलो. "दादा, पुस्तकात असं नाही. खिडकी बंद होती ना?"

"होती," ते म्हणाले. पडद्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "असू दे हो. सांगणाऱ्याला कुणाला तरी वाचवायचं असेल."

मला पुढचा सिनेमा दिसला नाही. संपल्यावर मी त्यांना सोडायला डोंबिवलीपर्यंत गेलो. शीळफाट्याला नेहमीसारखे अडकलो, पोहोचेपर्यंत साडेचार होत आले. ते सरळ स्वयंपाकघरात गेले. त्या गुरुवारनंतर मी त्या वेळेला त्यांच्या घरी गेलोच नव्हतो, धीर झाला नव्हता. आतून आल्याचा वास आला आणि ते ट्रे घेऊन बाहेर आले. ट्रेमध्ये तीन कप होते. एक मला दिला, एक स्वतःच्या खुर्चीपाशी ठेवला आणि तिसरा स्टुलावर, ताईंच्या खुर्चीपुढे. मी त्या कपाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हो, माहितीये," ते म्हणाले, "पुस्तकात असं नाही."

आणि ताई उजव्या हाताने उचलायच्या म्हणून त्यांनी कपाचा कान त्या बाजूला फिरवला.